पाण्यातली शक्ती पाहायला मावळात

आमच्या गावातून लोणावळ्याला कोणी गेल्याचे मला तरी ठाऊक नाही. मीही गेलो नसतो. पण यमुनेने भर वर्गात एक प्रश्न विचारला आणि मला जावे लागले.

आमचे गाव भंडाऱ्याच्या पूर्वेला, रानाच्या कडेला. गावात चार यत्तांची शाळा आहे आणि तिथला मास्तर मी. मास्तर कसा झालो हे सांगताना अजून जीभ जड होते. माझे शिक्षण चौथीपर्यंतच. बाप गेला, शाळा सुटली, नांगर हाती आला. पुढे आमचे जुने गुरुजी तापाने वारले, रानातल्या गावात दुसरे कोणी येईना, तेव्हा तात्पुरता म्हणून मला खुर्चीवर बसवले. त्या तात्पुरत्याला तीन वर्षे झाली. रोज सकाळी शाळेचे कुलूप काढताना वाटे, आज कोणी तरी येणार आणि विचारणार, तू इथे काय करतोस बाबा?

पावसाळ्यात डिपोटीसाहेब तपासणीला आले, तेव्हा सृष्टिज्ञानाचा धडा चालू होता. 'शक्तीची रूपे.' उष्णता, प्रकाश, आवाज, गती, वीज. मुलांनी ती आरतीसारखी म्हणून दाखवली. पाण्यातही शक्ती असते, असे मी वर जोडून दिले. तेवढ्यात यमुना उभी राहिली. ढिवराची पोर, तिसरीतली. तिचा बाप आमच्या तलावात मासे धरतो.

"गुरुजी, आपल्या तलावातलं पानी तं निस्तं बसून रायते. त्यातली शक्ती कायले दिसत नाई?"

मी म्हणालो, "पुस्तकात लिहिले आहे, म्हणजे आहे."

"पुस्तक पान्यात पडलं तं भिजते," यमुना म्हणाली आणि खाली बसली.

साहेब हसले नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवाळीनंतर मी पुन्हा येतो. हाच पाठ घ्या. त्या मुलीला उत्तर मिळाले तर ठीक. नाही तर ही शाळा बंद करून नदीपलीकडच्या शाळेत मिळवावी, असे मला लिहावे लागेल."

नदीपलीकडे मुलगे गेले असते. यमुनेचा बाप मला स्पष्टच म्हणाला, "पोरगी डोंग्यातून नदीपल्याड रोज धाडणार नाई, गुरुजी. तिची शाळा तुमच्यापाशीच सरली."

धड्याच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. लोणावळ्याजवळ डोंगरावर साठवलेल्या पाण्यापासून वीज करतात. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी निघालो. यमुनेच्या बापाने वाटेत कोणाला तरी द्यायला म्हणून सुकवलेल्या झिंग्यांचे गाठोडे दिले.

घाटात

नागपूरपासून कल्याणपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मी बसून होतो आणि तिकीट खिशात आहे की नाही हे चाचपत होतो. वाटेतला घाट तर रात्री झोपेतच गेला. कल्याणला गाडी बदलली. शेजारी निळा कोट घातलेले, पन्नाशीचे, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. गाडी घाटात शिरली आणि पहिला बोगदा आला. आमच्याकडे बोगदा आला की खिडकी लावायची, नाही तर तोंड कोळशाने काळे होते, असे ऐकून होतो. मी धडाधड दोन्ही खिडक्या पाडल्या. डब्यात अंधार झाला, आणि त्या कोंडलेल्या अंधारात माझ्या गाठोड्यातल्या झिंग्यांनी आपले अस्तित्व सर्वांना कळवले.

"अहो पाव्हणं, खिडकी उघडा! जीव जाईल!" कोणी तरी ओरडले.

"धूर येईल ना," मी म्हणालो.

"कशाचा धूर?" दाढीवाले गृहस्थ हसत म्हणाले. "हे विजेचं इंजिन हाय. ह्याला ना भट्टी, ना कोळसा. धूर हाय तो तुमच्या गाठोड्याचा."

सगळा डबा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्याच गृहस्थांनी खिडकी उघडली, मला शेजारी सरकवून घेतले आणि विचारले, कुठले, कुठे चालला. यांचे नाव इमामभाई. लोणावळ्याच्या वर डोंगरात जे पाण्याचे मोठे नळ आहेत, त्यांच्यावर ते फिटर. मी त्यांना धड्याचे सांगितले, यमुनेचे सांगितले. चौथीचे सांगितले नाही.

"ह्या इंजिनाला वीज तुमच्या तळ्याची का?" मी विचारले.

"न्हाई. ही तिकडं कल्याणाजवळ कोळसा जाळून करत्यात म्हणं. कोळसा तितं जळतोय अन् गाडी हितं चढतीया. आमच्या तळ्याची वीज जाती मुंबईच्या गिरण्यांना." त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "हे धोतर कुठलं?"

"मुंबईच्या गिरणीचे. आमच्या बाजारात घेतले."

"मग आमच्या डोंगरावरचा पाऊस तुमच्या कमरेला हाय की!"

मी नकळत धोतराला हात लावून पाहिला. कोरडे होते.

लोणावळे

दिवाळीची हवा खायला आलेल्या लोकांनी गाव भरून गेले होते. धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. थंडी आमच्याकडची नव्हे. आमची थंडी पहाटे येते आणि उन्हाबरोबर जाते. इथली संध्याकाळीच धुक्यातून येऊन मानेवर बसते. मी ओसरीवर गाठोडे धरून उभा होतो, तोच स्टेशनवर निरोप घेतलेले इमामभाई परत आले.

"मला वाटलंच. चला, आमचं घर काय पडलंय का?"

त्यांचे घर तुंगार्लीच्या वाटेवर, दोन खोल्यांचे. बायकोचे नाव जैनब. मी त्यांना वहिनी म्हणू लागलो. माझ्या मनात काय चालले होते ते मी लपवणार नाही. मुसलमानाच्या घरी जेवलो हे गावात कळले तर काय होईल, या विचाराने मी घाबरलो होतो. वहिनींनी मला तोंड उघडूच दिले नाही. मागच्या पडवीत नवी सारवलेली चूल होती. तिच्याशेजारी सुपात तांदूळ, डाळ, मीठ, आणि नवे मडके.

"शिधा ठिवलाय गुरुजी. तुमचं तुमी रांधा. आमी हिकडं येत न्हाई."

मी रांधले. भात लागला, डाळ शिजली नाही. आतून आवाज आला, "गुरुजी, मडकं उतरवा, वास सुटला!" त्या वासाच्या भातावर मी ती रात्र काढली. अनोळखी बाईने अनोळखी माणसाची अडचण न विचारता ओळखावी आणि त्याला लाज वाटू देऊ नये, हे मला आयुष्यात कोणी शिकवले नव्हते. सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो.

"वहिनी, तुमच्या तव्यावरची भाकरी द्याल का?"

त्या चमकल्या. "आमच्या हातची चालंल?"

"काल माझ्या हातचे खाल्ले. त्यानंतर कोणाच्याही हातचे चालेल."

तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडे धान पिकते ते भाताला, भाकर आम्ही ज्वारीची करतो. ही पांढरी, मऊ, कापडासारखी घडी पडणारी. वर लसणाचा ठेचा. झिंगे मी वहिनींना दिले, तेव्हा त्यांनी गाठोडे नाकाशी धरून डोळे मिटले. "आता कळलं ह्यांनी तुमाला घरी का आणलं," त्या म्हणाल्या.

तळ्यावर

इमामभाईंनी आपल्या साहेबाला विचारून मला बरोबर नेले. बांधावर उभा राहिलो आणि माझा हिरमोडच झाला. समोर तळे. मोठे खरे, डोंगरांनी वेढलेले खरे, पण पाणी कसे? आमच्या तलावासारखेच. निस्ते बसून राहिलेले. कडेला एक बगळा. एवढ्या लांब येऊन मी आमचाच तलाव पाहिला होता.

"काय झालं?" इमामभाईंनी विचारले.

"यमुना म्हणते तेच झाले. शक्ती दिसत नाही."

"हितं कशी दिसंल? चला पुढं."

आम्ही पाटाच्या कडेने चालत कड्यापर्यंत गेलो. तिथे डोंगर एकदम संपतो. खाली इतके खोल की झाडे गवतासारखी दिसतात, आणि काळे लोखंडी नळ सरळ त्या खोलात उतरत खोपोलीकडे जातात. नळ इतके जाड की वासरू आत उभे राहील. जवळ जायला माझे पाय तयार होईनात. कोणी शिपाई येऊन धरील, हे काय करतो म्हणून विचारील, असे वाटत होते.

"कान लावा," इमामभाई म्हणाले.

"काही होणार नाही ना?"

"गुरुजी, मी वीस वर्सं लावतोय. दोन्ही कान जाग्यावर हायेत."

मी कान लावला. लोखंड गार होते आणि थरथरत होते. आत लांबवर, शेकडो जाती एकदम फिरावीत तसा घुमारा चालला होता. माझ्या दातांपर्यंत तो पोचला.

"वर बसलंय तवर गप बसलंय," इमामभाई सांगू लागले. "पण ते निस्तं बसलेलं न्हाई. उंचावर बसलेलं म्हंजे पडायच्या तयारीत बसलेलं. हितनं पडलं की जोर आला. खाली चाकाच्या पात्यांवर आपटलं, चाक फिरलं. चाकानं यंत्र फिरलं, वीज आली. तारेतनं मुंबईला गेली, तितं माग हालला. तुमचं धोतर झालं."

"आणि पाणी?"

"पाणी जातं नदीला. पाणी कुटं सरतंय? त्यानं फकस्त उंची दिली."

मी वही काढून लिहून घेतले. परतताना मात्र राहवले नाही. "इमामभाई, एक सांगतो. मी चौथीच शिकलोय."

"मग? मी दुसरीतनं पळालो ते अजून मास्तरला घावलो न्हाई," ते म्हणाले, आणि एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. तीन वर्षे छातीवर बाळगलेला धोंडा मी त्या पाटाच्या कडेला ठेवून आलो.

बेडसे

दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या गावी, बेडशाला जायचे होते. मीही बरोबर गेलो. कामशेतला उतरलो आणि पायी निघालो. गावाच्या वर डोंगरात जुनी लेणी आहेत. ती पाहिली का, असे सगळे विचारतात. नाही पाहिली. वेळ झाला नाही, आणि त्याचे कारण पुढे येते.

गावात इर्जिक होती. ही मावळातली रीत आमच्या लोकांना सांगायला हवी. एखाद्या घरी काम अडले की ते घर गावाला बोलावते. गाव येते, एका दिवसात काम उरकते, आणि घरधनीण सर्वांना जेवू घालते. कोणी मजुरी घेत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. इथे अडले होते सरूमावशीचे. तिचा नवरा, ज्याला सारे आबा म्हणत, बांधावरून पडून पाय मोडून खाटेवर होता. भात कापून खळ्यावर पडले होते, झोडायला हात नव्हते. आबांच्या आणि इमामभाईंच्या वडिलांची एकमेकांकडे इर्जिकीला जायची रीत. म्हणून इमामभाई लोणावळ्याहून रजा काढून आले होते.

आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंगत बसत होती. मावशीने मला पाहुणा म्हणून पाटावर बसवले. आमच्याकडे पाहुणा आधी जेवतो, आणि त्याने कामाला हात लावला तर यजमानाची नाचक्की होते. मी पोटभर जेवलो. भाकरी, कुळथाची आमटी, वर कांदा. हात धुतले, आंब्याखाली सावलीत बसलो आणि वही काढून कालच्या नळाचे चित्र काढू लागलो.

बराच वेळ बायका माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावत होत्या. शेवटी सरूमावशी आली, कमरेवर हात ठेवून.

"गुरुजी, भाकर कशी व्हती?"

"फार छान, मावशी."

"किती खाल्ल्या?"

"चार."

"मग त्या चार भाकरी अंगात बसून काय करत्यात? अंडी घालत्यात?"

खळे हसले. इमामभाई धावत आले, कानाशी म्हणाले, "माझंच चुकलं, तुमाला सांगायला इसरलो. इर्जिकीचं जेवला की हात लावावा लागतोय. जेवून बसलेला माणूस हितं कुणी बगितला न्हाई."

माझे कान तापले. चारचौघांत फुकटखाऊ ठरलो होतो. मी वही तिथेच टाकली, सदरा काढला आणि खळ्यावर गेलो. लाकडी फळी आडवी लावलेली, तिच्यावर भाताची पेंढी डोक्यावरून आणून आपटायची. आमच्याकडे धान बैलांच्या पायांनी मळतात, हे झोडणे मला येत नव्हते. पहिलाच तडाखा असा बसला की दाणे फळीवर न पडता इमामभाईंच्या दाढीत गेले.

"दाढी पिकली, दाढी पिकली!" पोरी ओरडल्या.

"वर न्या, अजून वर न्या पेंढी!" खाटेवरून आबा गरजले. ओसरीतून त्यांना सगळे दिसत होते आणि सगळ्यांवर त्यांची हुकमत चालली होती. "जेवढी वर न्याल तेवढं दाणं सुटत्यात. हळू मारून भात झडतोय व्हय?"

मी पेंढी वर नेली आणि आपटली. धप्! दाणे सुटले. पुन्हा वर. धप्! आणि तिसऱ्या चौथ्या पेंढीला माझा हात वरच राहिला. वर नेलेली पेंढी. पडायच्या तयारीत. कालचे तळे माझ्या हातात होते.

"थांबला का गुरुजी? सरली का भाकर?"

"नाही मावशी, आत्ताच कळली."

मी मारत राहिलो. तळहात तापले आणि फोड आले. ती उष्णता. धप् धप् चालले होते, तो आवाज. दाणे उडत होते, ती गती. धड्यातली तीन रूपे खळ्यावर हजर होती आणि ती आली कुठून? मावशीच्या चार भाकरींतून. मी मावशीला विचारले, ही भाकरी कुठल्या तांदळाची? ती म्हणाली, "गेल्या सालच्या. ह्याच खळ्यावर झोडलेल्या. उनात पिकलं, खळ्यात झोडलं, पोटात गेलं, आज पुन्यांदा खळ्यात आलं. हितलं हितंच फिरतंय, गुरुजी. फकस्त कुणी बसून ऱ्हायलं की अडतंय." असे म्हणून तिने माझ्यापुढे आणखी एक भारा टाकला.

उतरत्या उन्हात उपणायची वेळ आली, तर वारा पडला. सुपे घेऊन बाया उभ्या. आबांनी खाटेवरून डोंगराकडे नाक केले. "लेण्याच्या अंगानं येतंय. थांबा." थोड्या वेळाने खरेच झुळूक आली, सुपे उंच गेली, भूस एकीकडे आणि दाणा पायाशी. आबांना खाटेवर पडून वाऱ्यालाही इर्जिकीला बोलावता येत होते, असे मला वाटले. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "पाय नगा शिवू, एक मोडलाय."

दिवस मावळताना भात घरात गेले. मावशीने मला न झोडलेली एक पेंढी दिली. "तुमच्या त्या पोरीला द्या. म्हणावं, मास्तर चांगला हाय, फकस्त सांगावं लागतंय."

लोणावळ्याला परतल्यावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी इमामभाईंनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून एक चाक केले. आठ पाती, मधोमध खिळा. वर पाणी ओतले की फिरायचे. वहिनींनी वाटेसाठी भाकऱ्या बांधल्या. स्टेशनवर मी त्यांचे आभार मानू लागलो. इमामभाई म्हणाले, "हात लावलात, फिटलं." गाडी सुटली.

पुन्हा शाळेत

साहेब सांगितल्याप्रमाणे आले. मी टेबलावर चाक मांडले आणि तांब्यातून पाणी सोडले. चाक हलले नाही. प्रवासात गाठोड्यात दबून पाती वाकली होती, खिळा घट्ट झाला होता. मी पुन्हा ओतले. टेबल भिजले, साहेबांच्या कागदांपर्यंत ओघळ गेला. त्यांनी कागद उचलले आणि घड्याळ पाहिले. पुस्तकातली पाच रूपेही आठवेनात.

"गुरुजी, वरतून टाका," यमुना म्हणाली.

कोणी काही म्हणायच्या आत तिने कोपऱ्यातली घागर उचलली, बाकावर चढली, बाकावरून टेबलावर, आणि दोन्ही हातांनी घागर डोक्याच्या वर नेली. तिने घागर तिरपी केली. पाण्याची धार पात्यावर आदळली. चाक कुरकुरले, अडखळले आणि सुटले. टरर् टरर् करत फिरू लागले. सगळी मुले उभी राहिली.

साहेब यमुनेला म्हणाले, "आधी का फिरले नाही?"

"तांब्या खाल्त होता."

"मग शक्ती कुठे होती? पाण्यात?"

ती टेबलावर तशीच उभी, परकर भिजलेला. जरा विचार करून म्हणाली, "घागर मी वर नेली, तवा तिच्यात गेली. माह्यातून गेली."

"आणि तुझ्यात कुठून आली?"

"सकाळी मायनं पेज देल्ली होती," यमुना म्हणाली. "ते तांदूळ आपल्या तलावाच्या पान्याचे. तलाव बसून नाई रायत, गुरुजी. तो आमच्यात येऊन बसते."

हे मी तिला शिकवले नव्हते. मी फक्त खळ्याची गोष्ट सांगितली होती आणि पेंढी दिली होती.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, तुमचे शिक्षण कुठवर?"

तीन वर्षे ज्याला भीत होतो तो प्रश्न आला होता. "चौथीपर्यंत, साहेब. आणि एक दिवस बेडशाच्या खळ्यावर."

त्यांना बेडसे कळले नसावे. पण त्यांनी शेऱ्याची वही ओढली, ओल्या टेबलावर ठेवायला जागा नव्हती म्हणून गुडघ्यावर धरली, आणि लिहिले: शाळा येथेच चालू ठेवावी.

त्या संध्याकाळी यमुनेच्या बापाने झिंग्यांची दोन गाठोडी आणून दिली. एक इमामभाईंना, एक सरूमावशीला. ती टपालाने पाठवता येतील का, असे मी पोस्टमनला विचारले. त्याने वास घेतला आणि हात जोडले. तेव्हा पुढच्या कार्तिकात मलाच ती घेऊन जावे लागणार, आणि बेडशाला कोणाकडे तरी इर्जिक असणारच. या खेपेला मी जेवायच्या आधी हात लावणार आहे.